फिशर-डीस्काऊ : गाणारा की सांगणारा?

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

मागच्या आठवड्यात 'भावगीतात शब्द मोठा की चाल' या धाग्यावर नेहमीची हाणामारी झाली. मी तिथे घाईत एक नाव टाकून पळालो होतो. दोघातिघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं, हा कोण बाबा? म्हणून हा स्वतंत्र धागा. शास्त्रीय पाश्चात्त्य संगीतातला मी जाणकार वगैरे नाही. जर्मन शिकत असताना आमच्या बाईंनी वर्गात एक गाणं लावलं, तिथून हे वेड लागलं.

डीट्रिश फिशर-डीस्काऊ. जर्मन बॅरिटोन गायक. जन्म २८ मे १९२५, बर्लिन. वडील शाळेचे मुख्याध्यापक, आई शिक्षिका. वडिलांच्या आईचं घराणं 'फॉन डीस्काऊ'. त्यातल्याच एका जमीनदारासाठी संगीतकार बाखने १७४२ मध्ये एक गमतीदार 'शेतकरी कॅन्टाटा' (गायक आणि वाद्यांसाठीची रचना) लिहिला होता. म्हणजे घरात संगीताचा वारसा असा आडवाटेने आला म्हणायचा. वडील गेले तेव्हा हा बारा वर्षांचा. सोळाव्या वर्षी रीतसर गाणं शिकायला लागला.

आणि सतराव्या वर्षी, जानेवारी १९४३ मध्ये, बर्लिनच्या त्सेलेनडॉर्फ उपनगरातल्या नगरभवनात संगीतकार शूबर्टची 'विंटररायझे' (हिवाळ्यातला प्रवास) गायला उभा राहिला. चोवीस गाण्यांची माळ आहे ही. प्रेमात हरलेला एक माणूस बर्फातून एकटा चालत निघतो, एवढीच गोष्ट. चाळिशीतले गायकही ती हातात घ्यायला कचरतात. कार्यक्रम मध्यावर आला आणि भोंगे वाजले. ब्रिटिश विमानं. श्रोते आणि गायक सगळे तळघरात. बॉम्बवर्षाव थांबल्यावर मंडळी वर आली, पुन्हा खुर्च्यांवर बसली, आणि पोराने गाणं जिथे सुटलं होतं तिथून पुढे सुरू केलं.

मला या माणसाबद्दल काही सांगायचं असेल तर ते इथूनच सुरू होतं. बाहेर घरं जळतायत आणि दोनेकशे माणसांना उरलेली गाणी ऐकायची आहेत.

त्याच वर्षी सैन्यात भरती. रशियाच्या आघाडीवर घोड्यांची देखभाल करायचं काम. पुढे इटली. मे १९४५ मध्ये अमेरिकनांनी पकडलं आणि दोन वर्षं युद्धकैदी म्हणून ठेवलं. छावणीत तो घरच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या जर्मन शिपायांपुढे शूबर्ट गायचा. गोऱ्या साहेबाला ते इतकं सोयीचं पडलं की याची सुटका लांबतच गेली. त्याचा एक भाऊ, मार्टिन, जन्मापासून अपंग होता. नाझींनी त्याला एका संस्थेत हलवलं आणि उपाशी ठेवून मारलं. हे त्याने पुढे आठवणींत लिहिलंय, फार कमी शब्दांत.

१९४७ मध्ये सुटून आला. बाडेनवायलर गावी ब्राम्सच्या 'जर्मन रेक्विएम'चा (रेक्विएम म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना) कार्यक्रम होता आणि ठरलेला गायक आजारी पडला. हा तालमीशिवाय उभा राहिला आणि गायला. पुढच्या जानेवारीत बर्लिनच्या रेडिओसाठी 'विंटररायझे' ध्वनिमुद्रित झाली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बर्लिनच्या ऑपेरात व्हेर्डीच्या 'डॉन कार्लोस'मधली पोझाची भूमिका. वय तेवीस. तिथून पंचेचाळीस वर्षं थांबला नाही.

'लीट' म्हणजे कवितेला लावलेली चाल, एक गायक आणि एक पियानो, बास. अनेकवचन 'लीडर' (पुढारी नव्हे!). आपल्या भावगीताचा चुलतभाऊच. फिशर-डीस्काऊ हा या प्रकाराचा विसाव्या शतकातला सगळ्यात मोठा माणूस. माझं म्हणणं एवढंच की तो आधी सांगतो आणि मग गातो. शब्दाला काय हवंय ते बघून तो आवाज काढतो. तुम्हाला काय वाटतं?

---

खडीसाखर

वाचनखूण साठवली आहे. छान लिहिलंय, पण आमच्यासारख्या अडाण्यांसाठी जरा खाली उतरा. बॅरिटोन म्हणजे नक्की काय? आणि हा ऑपेरावाला की गाणीवाला?

---

मंद्रसप्तक

@खडीसाखर, पुरुषांच्या आवाजात वर टेनर, खाली बास, मधला तो बॅरिटोन. ऑपेरात टेनर बहुतेक वेळा प्रेमात पडतो आणि बॅरिटोन त्याचा मित्र, बाप, शत्रू किंवा खलनायक असतो. म्हणजे आपल्याकडचा चरित्र अभिनेता म्हणा ना! गंमत अशी की 'विंटररायझे' मूळ लिहिली आहे वरच्या आवाजासाठी. बॅरिटोनवाले ती एक-दोन स्वर खाली उतरवून गातात. पट्टी उतरली की रंगही बदलतो, जरा अंधारतो. या गाण्यांना तो अंधार मानवतो.

दोन्हीवाला होता. बायरॉइटला (वाग्नरच्या ऑपेरांचा उत्सव भरतो तिथे) 'टानहॉयझर'मधला वोल्फ्राम आणि 'पार्सिफाल'मधला आम्फोर्टास, मोत्सार्टचा काउंट आल्माव्हिवा, व्हेर्डीचा फाल्स्टाफ, बेर्गचा वोत्सेक. २४ सप्टेंबर १९६१ रोजी पश्चिम बर्लिनमध्ये डॉइचे ओपर या नव्या ऑपेरागृहाचं उद्घाटन झालं, तेव्हा 'डॉन जोव्हानी' हाच होता. तारीख बघा. बर्लिनची भिंत उभी राहायला लागून तेव्हा दीड महिनाही झाला नव्हता.

आता ते वर्गात ऐकलेलं गाणं. 'एर्लक्योनिग', कविता गटेची. शूबर्टने चाल लावली तेव्हा वय अठरा. बाप आजारी पोराला कवेत घेऊन रात्री घोडा पिटाळतोय. पोराला भुतांचा राजा दिसतोय, तो त्याला बोलावतोय. बापाला काही दिसत नाही. निवेदक, बाप, पोर आणि भूत असे चार आवाज एकाच गळ्यातून काढायचे. पियानोच्या उजव्या हाताला एकाच सुराची अखंड धडधड, तीच घोड्याची टाप. पोरगं दर वेळी 'बाबा, बाबा' ओरडतं ते आधीपेक्षा वरच्या सुरात.

बहुतेक गायक भूत आलं की आवाज घोगरा करतात. हा काय करतो, तर आवाज एकदम मऊ करतो. लाडीगोडीने. मुलं पळवणारा माणूस कसा बोलेल तसा. आणि शेवटी बाप घरी पोचतो, टाप थांबते. 'त्याच्या कवेत ते पोर' इथे पियानो गप्प. मग 'मेलं होतं'. हे दोन शब्द तो जवळजवळ बोलतो. आमच्या वर्गात त्यानंतर अर्धा मिनिट कोणी वही उघडली नाही. बाईंना खरं तर त्या दिवशी भूतकाळ शिकवायचा होता.

पियानोवर जेराल्ड मूर साथीला आहे असं एक कृष्णधवल चित्रण आहे, ते बघा. सहा फुटांवर उंची, हात जवळपास हलत नाहीत, सगळा खेळ भुवयांत.

---

म्युनिचचा_मुरांबा

धाग्याबद्दल दंडवत घ्या. उच्चार 'डीट्रिश' लिहिलात याबद्दल वेगळा दंडवत, इथे मराठी पेपरांत 'डाएट्रिच' वाचून डोळे पाणावतात. (तो शेवटचा 'च' आपल्या श आणि ह च्या मधला कुठलासा आहे. दहा वर्षं झाली, मला अजून येत नाही, बायको हसते.)

मी राहतो त्यापासून लोकलने तासाभरावर श्टार्नबेर्गचं तळं आहे. तळ्याकाठी बेर्ग नावाचं गाव, तिथे त्याचं घर होतं आणि तिथेच १८ मे २०१२ रोजी तो गेला. सत्त्याऐंशी पूर्ण व्हायला दहा दिवस कमी.

म्युनिचबद्दल दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. पहिली 'लिअर'. शेक्सपिअरचा किंग लिअर ऑपेरात आणायचं व्हेर्डीच्या मनात वर्षानुवर्षं होतं, ते झालं नाही. फिशर-डीस्काऊ आरिबेर्ट राइमान या संगीतकाराच्या मागे लागला की तू हे कर. राइमान त्याच्यासोबत पियानोवर साथ करायचा, म्हणजे आवाज नखशिखान्त ओळखणारा माणूस. ९ जुलै १९७८ ला इथल्या नात्सिओनालथिएटरात पहिला प्रयोग झाला. लिअर तो, आणि कॉर्डेलिया झाली यूलिआ वाराडी. ती त्याची चौथी आणि शेवटची बायको. लग्न आदल्याच वर्षी झालं होतं. मेलेल्या मुलीला उचलून आणणारा बाप आणि ती मुलगी म्हणजे प्रत्यक्षात नवराबायको. संगीत ऐकायला सोपं नाही, आधीच सांगतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी शेजाऱ्यांच्या भीतीने हेडफोन लावले.

दुसरी गोष्ट ३१ डिसेंबर १९९२. त्याच थिएटरात वर्षअखेरचा कार्यक्रम होता. तो 'फाल्स्टाफ'च्या शेवटच्या समूहगानात गायला, 'जगात सगळी थट्टाच आहे' अशा अर्थाचं आहे ते. घरी गेला आणि ठरवलं की बस झालं. निरोप समारंभ नाही, शेवटचा दौरा नाही. आपल्याकडे निवृत्तीचे सात-सात कार्यक्रम करणारे आठवले. (हलके घ्या.)

---

तिरकस_तबलजी

आता जरा मिठाचा खडा.

मी टीम हेरमान प्राय. तोही बर्लिनचाच, १९२९ चा जन्म, तोही बॅरिटोन. प्रायचा आवाज ऐकला की थंडीत हातात चहाचा पेला आल्यासारखं होतं. फिशर-डीस्काऊ ऐकला की प्राध्यापक फळ्यावर अधोरेखित करतायत असं वाटतं. प्रत्येक शब्दाखाली रेघ! अहो, श्रोत्याला थोडं कळतं असं धरून चाला की. आणि इटालियनमध्ये गेला की संपलंच. त्याचा रिगोलेत्तो ऐका, व्हेर्डीची लांब ओढलेली ओळ जर्मन व्यंजनांवर ठेचकाळत जाते.

हे माझं एकट्याचं नाही. रोलाँ बार्त या फ्रेंच विचारवंताने १९७२ मध्ये 'आवाजाचा पोत' अशा अर्थाचा निबंध लिहिला, त्यात याच माणसाला उदाहरण म्हणून घेतलंय. मुद्दा साधारण असा की भावना आहे, श्वास आहे, अर्थ आहे, सगळं बिनचूक आहे, पण शरीर कुठे आहे? गळा, जीभ, दात कुठे आहेत? त्याला जुना गायक पांझेरा आवडायचा. मला बार्तचं निम्मं कळत नाही, पण हे कळलं.

भावगीताच्या धाग्यावरही मी हेच म्हणत होतो. फार सांगायला गेलं की गाणं निसटतं.

---

मंद्रसप्तक

तबलजी, रिगोलेत्तोबद्दल मी भांडणार नाही. व्हेर्डी ऐकायचा तर मीही दुसरीकडे जातो. फाल्स्टाफ मात्र वगळा, तिथे शब्दांचीच मारामारी असल्यामुळे तो खुलतो.

प्रायबद्दलही मान्य. पण दोघांना एकत्र बघायचं असेल तर मोत्सार्टच्या 'फिगारो' ऑपेराचा १९७६ चा चित्रपट आहे, दिग्दर्शक पोनेल, संगीत संचालन कार्ल ब्योम. प्राय फिगारो आणि हा काउंट. नोकर ऊबदार, मालक थंडगार. तुमची तक्रार तिथे पात्रयोजना म्हणून वापरली आहे असं समजा!

अधोरेखनाबद्दल थोडं. १९४५ नंतर जर्मन भाषा जगाच्या कानात कशी बसली होती? हुकमांची, लाउडस्पीकरवरची, बुटांची. एक तेवीस वर्षांचा मुलगा, ज्याच्या भावाला त्याच भाषेत कागद रंगवून मारलं, तो उभा राहतो आणि तीच भाषा अगदी हळू, एकेक अक्षर जपून उच्चारतो. 'विंटररायझे'तलं 'लिंडेनबाउम', वेशीपाशी लिंडेनचं झाड. शेवटचा 'म' ओठ मिटून संपेपर्यंत धरलेला. मला त्यात प्राध्यापक दिसत नाही. पण हे मी त्याचं चरित्र वाचल्यावर म्हणतोय, आधी ऐकताना असं काही सुचलं नव्हतं. तेव्हा अर्धा गुण तुम्हाला.

---

पेटीवाली

तुम्हा सगळ्यांचं गायकावरच चाललंय. साथ करणाऱ्याचं कोणी बोलेल का? मी तीस वर्षं पेटीवर साथ केली आहे, तेव्हा मला दुसरं काही ऐकूच येत नाही.

जेराल्ड मूर इंग्रज. दोघांनी मिळून साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९७२ पर्यंत शूबर्टची चारशेहून जास्त गाणी ध्वनिमुद्रित केली. शूबर्टची एकूण गाणी सहाशेच्या वर. बाईच्या तोंडची गाणी त्यांनी सोडली, बाकी बहुतेक सगळं घेतलं. मूरने मैफलीतून निवृत्ती घेतली फेब्रुवारी १९६७ मध्ये, लंडनला. त्या रात्री श्वार्त्सकोप्फ, व्हिक्टोरिया दे लोस आंखेलेस आणि फिशर-डीस्काऊ असे तिघं गायले, आणि सगळं झाल्यावर मूर एकटा येऊन बसला. शूबर्टचं 'संगीतास' हे गाणं त्याने गायकाविना वाजवलं. आयुष्यभर दुसऱ्याच्या मागे वाजवणाऱ्याने एवढं तरी करावंच हो.

आणि हा गायक साथीदार बदलायचा मुद्दाम. रिख्टर, ब्रेंडेल, बारेनबॉइम, पेराया. होरोविट्झसारखा मोठा माणूसही १९७६ मध्ये कार्नेगी हॉलला याच्यासाठी शूमनची गाणी वाजवायला बसला. त्यामुळे 'विंटररायझे' याची एक नाही, कितीतरी आहेत. मूरबरोबर १९६२ ची ऐका, मग ब्रेंडेलबरोबर १९८५ ची. दुसरीत आवाज झिजलाय. मला तीच जास्त आवडते, कारण पियानो त्याला आता ढकलत नाही, धरून चालवतो.

'विंटररायझे'चं शेवटचं गाणं ऐकताना डाव्या हाताकडे लक्ष द्या. गावाबाहेर एक म्हातारा बर्फावर अनवाणी उभा राहून चाकाचं वाद्य फिरवतोय. ताटलीत दमडी नाही. कुत्री गुरगुरतायत. पियानोचा डावा हात सुरुवातीपासून शेवटपर्यंत षड्ज-पंचम धरून बसलेला. हलतच नाही! हा आपला तानपुराच. वर उजवा हात तीच ती छोटी फिरत वाजवतो, गायक दोन ओळी म्हणतो, पुन्हा फिरत. माझ्या हातात हे आलं असतं तर मी काहीतरी भरलं असतं, खरं सांगते. शूबर्टने भरलं नाही.

---

इतिहासाचा_किडा

पेटीवाली ताई, प्रतिसाद आवडला.

युद्धाचा विषय निघालाच आहे तर कॉव्हेंट्री राहायला नको. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी कॉव्हेंट्री शहर भाजून काढलं, मध्ययुगीन कॅथीड्रलच्या नुसत्या भिंती उरल्या. शेजारी नवीन बांधलं आणि त्याच्या अर्पणविधीनिमित्त ३० मे १९६२ रोजी बेंजामिन ब्रिटनचा 'वॉर रेक्विएम' पहिल्यांदा सादर झाला. ब्रिटनच्या मनात तीन गायक पक्के होते. रशियाची गालिना विश्नेव्स्काया, इंग्लंडचा पीटर पिअर्स आणि जर्मनीचा फिशर-डीस्काऊ. सोव्हिएत सरकारने बाईंना सोडलं नाही. हेदर हार्परने दहा दिवसांत तयारी करून ती जागा भरली. विश्नेव्स्काया पुढच्या जानेवारीत ध्वनिमुद्रणाला आल्या.

लॅटिन प्रार्थनेच्या मधे मधे विल्फ्रेड ओवेनच्या कविता आहेत. ओवेन पहिल्या महायुद्धात युद्धबंदीच्या एक आठवडा आधी मारला गेला. शेवटी दोन मेलेले सैनिक पाताळात भेटतात, आणि एक दुसऱ्याला म्हणतो, मित्रा, तू मारलेला शत्रू तो मीच. ही ओळ ब्रिटनने बॅरिटोनला दिली. म्हणजे ऐकणाऱ्यांत त्या रात्री ज्यांची घरं जळली ते लोक, आणि समोर वेअरमाख्टचा (हिटलरच्या सैन्याचा) माजी शिपाई इंग्रजीत हे म्हणतोय. पिअर्सने तर दुसऱ्या महायुद्धात शस्त्र घ्यायलाच नकार दिला होता.

कार्यक्रम संपल्यावर फिशर-डीस्काऊ जागेवरून उठेना. कोसळला होता. पिअर्सला त्याला तिथून उठवून न्यावं लागलं.

तबलजी, इथे तरी अधोरेखन नाही. ती ओळ तो अगदी सपाट म्हणतो.

---

तिरकस_तबलजी

@किडा, ऐकलं. त्या ओळीपुरतं मागे घेतो. रिगोलेत्तो मागे घेणार नाही.

---

वेदांती_वडापाव

उशिरा आलोय. सगळ्यांनी शूबर्टचं कौतुक केलं, कवीचं नाव कोणीच घेतलं नाही! शब्द मोठे म्हणणाऱ्यांनीही नाही.

'विंटररायझे'चे शब्द विल्हेल्म म्यूलरचे. देसाऊ गावचा ग्रंथपाल. त्याचा मुलगा तुम्हा सगळ्यांना शाळेपासून माहीत आहे : माक्स म्यूलर. तोच, सायणभाष्यासह ऋग्वेद छापणारा. ज्यांच्या नावाच्या भवनात पुण्यामुंबईची निम्मी मंडळी जर्मन शिकली, धागाकर्तेही बहुधा तिथलेच.

बाप १८२७ च्या सप्टेंबरअखेर गेला, तेहतीसही पूर्ण नव्हती. माक्स तेव्हा चार वर्षांचासुद्धा नव्हता. शूबर्ट त्याच वर्षी या चाली लावत होता. म्हणजे कवीने ही गाणी कधी ऐकलीच नाहीत. शूबर्टही पुढच्या नोव्हेंबरात गेला, एकतिसाव्या वर्षी.

अवांतर : माक्स हे नाव ठेवलं ते 'फ्रायश्युट्स' या ऑपेरातल्या नायकावरून. ऑपेराचा कर्ता वेबर हा बापाचा दोस्त आणि पोराचा धर्मपिता.

---

मंद्रसप्तक

वडापाव, निःशब्द. दोन वर्षं त्या भवनाच्या पायऱ्या चढलो, भिंतीवरच्या पाटीकडे बघून कधी हे डोक्यात आलं नाही. बाईंनी सांगितलं असेल, मी कँटीनमध्ये असेन.

---

खडीसाखर

काल रात्री बाबांना पेटीवाली ताईंनी सांगितलेलं ते शेवटचं गाणं ऐकवलं, ब्रेंडेलवालं. बाबा आयुष्यभर शास्त्रीय ऐकणारे, पियानो म्हणजे हॉटेलच्या लॉबीतली वस्तू असं त्यांचं मत. पहिल्या दोन ओळींतच म्हणाले, "पंचम बरोबर धरलाय." मग म्हणाले, "पण हा माणूस गातोय कुठे, हा तर बोलतोय."

मला काही कळायच्या आत त्यांनी फोनवर तानपुऱ्याचं ॲप काढलं, पट्टी जुळवायला पाचेक मिनिटं गेली, आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं. खाली आमचा तानपुरा, वर त्यांचा म्हातारा. चक्क जमत होतं.

शेवटी तो 'बाबा रे, येऊ का तुझ्याबरोबर? माझ्या गाण्यांना वाजवशील का?' असं विचारतो ना (अर्थ मी आधी वाचून दाखवला होता), तिथे बाबांनी हात पुढे करून ॲप बंद केलं. का, विचारलं, तर म्हणाले, "तो विचारतोय ना आता. आपण मधे कशाला."